टेबलाचा डावा कोपरा

मुलांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी टेबल दाखवायला सांगितलं, तेव्हा तुम्ही दोघं मागे उभे होतात. धाकटीने विचारलं, "आजी, ते इतकं मळकट का आहे?" मी म्हटलं, जुनं झालंय. हे खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. येत्या शनिवारी शेलूच्या नव्या इमारतीतलं एक तरुण जोडपं टेंपो घेऊन येईल आणि टेबल नेईल. मी ज्या दोन खोल्यांत राहायला जाते आहे, तिथे ते दारातूनसुद्धा आत जाणार नाही. म्हणून ते जायच्या आधी नीट उत्तर लिहून ठेवते. मराठीत लिहिते, कारण सगळं मराठीतच घडलं. अडेल तिथे बाबांना विचारा.

टेबल सागवानी आहे. तुमच्या आजोबांनी वकिली सुरू केली त्या वर्षी करून घेतलेलं. आम्ही राहत होतो कर्जतला आणि त्यांचं कोर्ट खालापूरला. एसटी पकडायच्या आधी रोज अर्धा तास ते या टेबलाशी बसत. कागद बाजूला सारून दोन्ही हात कडेला टेकवत, खाली वाकत आणि टेबलात दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याशी त्या दिवसाचा युक्तिवाद बोलत. आरशासमोर कधी नाही. आरशात माणूस नुसते स्वतःचे केस बघतो, असं त्यांचं म्हणणं. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे; निघायच्या आधी माझा डबा भरता भरता ऐकत असे. एखाद्या वाक्याला अडखळले, की तेवढंच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. चेहरा दिसायचा कसा, तर आरशाइतकाच स्वच्छ. वरचा पंखासुद्धा पात्यांसकट दिसे.

ही चमक आपोआप राहत नाही. दरवर्षी दसरा झाला की एक पॉलिशवाले यायचे. माथेरानच्या पायथ्याशी, नेरळच्या पलीकडे, ठाकरांच्या वाडीत त्यांचं घर. तरुणपणापासून पायवाटेने डोंगर चढून जायचे आणि हॉटेलांतले पलंग, कपाटं चमकवून संध्याकाळी खाली यायचे. त्यांचं काम लाखेच्या व्हार्निशचं. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळले की मधाच्या रंगाचं पातळ पाणी होतं. ते ब्रशने लावत नाहीत. कापसाचा बोळा जुन्या धोतराच्या मऊ कापडात बांधून पुरचुंडी करायची, ती व्हार्निशमध्ये भिजवायची आणि लाकडावर फिरवायची. आधी गोल गोल, मग इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, शेवटी लांब आणि सरळ. एकेक हात इतका पातळ, की लावला आहे हे कळत नाही. असे कितीतरी हात झाले, मधूनमधून बारीक पॉलिशपेपरने घासून झालं, की हळूहळू लाकडाच्या आत दिवा लावल्यासारखं दिसू लागतं. शाळा पाहिली नव्हती त्यांनी. मला म्हणायचे, "बाई, तुमच्या इंग्रजीतला आठ तेवढा मला येतो. बाकी तुमी शिकवा पोरांना."

या कामाचा एकच कडक नियम. पुरचुंडी लाकडावर थांबवायची नाही. फिरता फिरताच टेकवायची, फिरता फिरताच उचलायची. थांबली, की ओलं व्हार्निश कापडाला धरतं आणि कापडाची वीण लाकडावर उमटते.

आजोबांनी कोर्टात जाणं बंद केलं, तेव्हा टेबल माझ्याकडे आलं म्हणा. मी त्यावर शिकवणीच्या वह्या तपासू लागले. शाईचे डाग पडू नयेत, कपाचे गोल उमटू नयेत, म्हणून बाजारातून जाड पारदर्शक प्लॅस्टिक आणलं, मापात कापलं आणि कडा चिकटपट्टीने खालून बसवल्या. मला त्याचा अभिमान होता. पॉलिशवाल्यांनाही कळवून टाकलं, की आता दरवर्षी यायची गरज नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडून राहते, हे माझ्या ध्यानात आलं नाही. असे काही पावसाळे गेले. एकदा प्लॅस्टिक उचललं तर ते चर्र आवाज करत निघालं, आणि खालचं व्हार्निश त्याच्याबरोबर सोलून आलं. आजोबा दारात उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, "काढलंच कशाला?" मी प्लॅस्टिक पुन्हा घातलं.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली आणि बोलणं गेलं. समज शाबूत होती. डोळ्यांवरून कळायचं, की आतमध्ये वाक्यं पूर्वीसारखीच तयार आहेत. बोलायला शिकवणारी एक मुलगी पनवेलहून यायची. तिने सांगितलं, रोज आरशासमोर बसायचं, ओठांकडे बघत आ, ई, ऊ म्हणायचं. पहिले काही महिनेच काय ते महत्त्वाचे, नंतर जे राहील ते राहील. मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं. आजोबांनी पहिल्याच दिवशी डाव्या हाताने आरसा पालथा घातला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी तो धरून उभी राहिले, तर त्यांनी डोळे मिटून घेतले.

त्या वेळी मला टेबल आठवलं. आरशात न बघणारा हा माणूस आयुष्यभर टेबलात बघून बोलत आला होता. टेबल पुन्हा चमकवलं, तर तो बोलेल, असं माझ्या मनाने घेतलं. तुम्हाला हा हिशेब वेडगळ वाटेल. मला तो इतका सरळ वाटला, की मी दुसऱ्याच दिवशी रिक्षा करून वाडीत गेले.

भाद्रपद चालू होता. पॉलिशवाले ओसरीवर बसले होते. दृष्टी अधू झाली होती, आवाजावरून मला ओळखलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता नको बाई. हवेत पानी हाय. व्हार्निशावर साय धरंल." साय म्हणजे ओल आत अडकून वर येणारा पांढरा धुरकट थर. दसऱ्यानंतर कोरडी हवा सुटली की पहिल्याच दिवशी येतो, असं त्यांनी कबूल केलं. मी म्हटलं, दसऱ्यापर्यंत साहेबांचे दिवस संपतील. मला शिकण्याचे दिवस म्हणायचे होते, पण ते उठलेच. आतून पिशवी आणि बाटली घेतली. त्यांच्या सूनबाई दारातून म्हणाल्या, "बाबा, तुमीच तर पावसात कामाला नाय म्हनता ना?" ते म्हणाले, "माझं नाय ऐकायचं गं कधी."

काम चाललं तितके दिवस ऊन पडलं. भाद्रपदात पडतं तसं, फसवं. त्यांनी जुनं सगळं घासून काढलं. डोळ्यांनी नीट दिसत नसल्यामुळे हाताची पालथी बाजू फिरवून बघायचे, कुठे खरखर राहिली आहे का. मी खोली कोरडी राहावी म्हणून शेगडी पेटवते म्हटलं, तर स्पिरिट आहे, घर जाळायचंय का, म्हणाले. मग मी जुने, तापणारे पिवळे दिवे लावले. आजोबांची चाकाची खुर्ची आम्ही दारात ठेवत होतो. पहिल्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली होती. तिसऱ्या दिवशी खुर्ची टेबलाजवळ घ्यायची खूण केली.

त्या दिवशी डाव्या कोपऱ्यात चमक उतरू लागली होती. पॉलिशवाल्यांनी पुरचुंडी आजोबांच्या डाव्या हातात दिली. म्हणाले, "साहेब, डावा तर हाय. जरा फिरवा. एवढी वर्षं नुसतं बघत व्हता." आजोबांनी ती टेकवली आणि फिरवली. गोल, मग तिरकी, मग पुन्हा गोल. चेहरा इतका गंभीर, की मला खालापूरचं कोर्ट आठवलं. मग हात थकला आणि पुरचुंडी थांबली. पॉलिशवाल्यांनी झटकन उचलली, पण उशीर झाला होता. रुपयाएवढा ठसा, धोतराच्या विणीसकट. ते म्हणाले, काही नाही, उद्या घासून काढतो. आजोबांनी त्या ठशावर तळहात ठेवला आणि मान हलवली. नाही. तो कोपरा तसाच ठेवून पुढचं काम झालं. त्या आजारपणात मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच, अर्ध्या तोंडाने.

सातव्या दिवशी टेबलात पंखा दिसला. आम्ही आजोबांना समोर बसवलं. त्यांनी खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मला वाटलं, आता डोळे मिटतील. पण त्यांनी तोंड उघडलं आणि म्हटलं, "आ."

चार सकाळी ते बसले. आ झालं, ई वेडंवाकडं झालं. चौथ्या सकाळी ओठ जुळवून "पा" म्हणाले आणि पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कागदावर त्या दिवसापुढे फुली मारली. तुमच्या बाबांना फोन करून सांगितलं. ते रडले, मीही रडले. पनवेलची मुलगी म्हणाली, हे असंच चालू ठेवा.

पाचव्या सकाळी पाऊस परतला आणि तीन दिवस हलला नाही. भिंती घामेजल्या, मिठाला पाणी सुटलं. टेबलावर मधोमध आधी पेल्याएवढं धुकं दिसलं. दुपारपर्यंत ते कडेपर्यंत पसरलं; सगळ्यांत आधी सुकलेला डावा कोपरा तेवढा वाचला. मी सुती कापडाने पुसलं, जोर लावून पुसलं आणि आणखी बिघडवलं. दुसऱ्या सकाळी आजोबा ठरल्या वेळी बसले. खाली वाकले. पांढऱ्याकडे बघून "पा" म्हणाले. मग मानेने इकडून तिकडून बघितलं, कुठून तरी चेहरा दिसेल म्हणून. कोपऱ्यात दिसत होता, पण कोपरा एका माणसाच्या चेहऱ्याला पुरत नाही. गाल दिसे, तोंड दिसत नसे. तिसऱ्या दिवसानंतर ते त्या खोलीत आलेच नाहीत. मी आरसा आणला, तर पुन्हा पालथा.

पॉलिशवाले आले, हाताची पालथी बाजू टेबलभर फिरवली. रागावले असते तर बरं झालं असतं. जाताना एवढंच म्हणाले, की दसऱ्यानंतर येतो.

आले. पुन्हा सगळं खरवडलं, एक डावा कोपरा सोडून. कोरड्या हवेत केलेलं ते काम त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं असावं. पंखाच काय, पंख्यावरची धूळ दिसत होती. मी आजोबांची खुर्ची ढकलत नेली. ते खाली बघत राहिले, मागच्या वेळेइतकंच, बराच वेळ. मग डाव्या हाताने शेजारचं वर्तमानपत्र ओढलं, उलगडलं आणि हळूहळू, सुरकुत्या काढत, सगळ्या टेबलभर पसरलं. पॉलिशवाल्यांना दिसलं नसावं, पण कागदाचा आवाज आला. त्यांनी मला विचारलं, "झाकलं?" मी हो म्हटलं. "बरोबर हाय," ते म्हणाले, "आता काय बघायचं त्यात," आणि पिशवी भरू लागले.

त्यानंतर आजोबा अडीच वर्षं होते. एकही शब्द बोलले नाहीत. "पा"सुद्धा नाही. मी दसऱ्यापर्यंत थांबले असते तर काय झालं असतं, हे मी पनवेलच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, आजी, असं काही सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही. तुम्हीही मला समजूत घालू नका. ती इथे बऱ्याच लोकांनी घातली आहे.

वर्तमानपत्र मी कधी उचललं नाही, फक्त बदलत राहिले, डावा कोपरा तेवढा उघडा ठेवून. शाईने, धुळीने आणि पावसाने ती दुसरी चमकही गेली. पॉलिशवाले गेल्या वर्षी गेले. त्यांच्या घरात हे काम कुणी शिकलं नाही. शिकून करायचं काय? सूनबाई म्हणाल्या, की माथेरानच्या हॉटेलांतही आता प्लॅस्टिकचे तयार चकचकीत पत्रे चिकटवलेलं फर्निचर आहे, ओल्या फडक्याने पुसलं की झालं.

शेलूचं जोडपं भलं आहे. त्यांना टेबल पांढरं रंगवायचं आहे, तसं आता चांगलं दिसतं म्हणे. मी त्या मुलीला डावा कोपरा दाखवला आणि तेवढा तसाच ठेवता येईल का, असं विचारलं. तिने कारण विचारलं नाही. म्हणाली, "ट्राय करते काकू, पण रंगवाला म्हणतो सगळं एकसारखं घासावं लागेल." मी म्हटलं, त्याचं बरोबर आहे.

आज गुरुवार. टेबल अजून खिडकीशी आहे. चारही पाय घट्ट आहेत, डावीकडचा खण जरा अडकतो. डाव्या कोपऱ्यात वीतभर जागेत चमक आहे, आणि तिच्या मधोमध रुपयाएवढा धोतराच्या विणीचा ठसा. बोट फिरवलं की लागतो.