चौथ्या सिलिंडरातलं पाणी

"उघडूं नको, मा," सासरे म्हणाले. "उघडलेलं इंजिन परत बंद होत नाही."

मी हातात पाना घेऊन उभी होते, आणि माझं टाळकंच सटकलं. बंद होत नाही म्हणे! अहो, कित्येक वर्षं बंदच तर पडलंय ते. एन्नोरला, समुद्राजवळच्या आमच्या प्लॉटवर, खाऱ्या वाऱ्यात, ताडपत्रीखाली. सासऱ्यांची लॉरी. तिच्यावर त्यांनी घर चालवलं, मुलाला इंजिनियर केलं, आणि त्याच मुलाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आता भंगारवाल्याला फोन केला होता. प्लॉट विकला गेला होता आणि महिनाअखेर जागा मोकळी करून द्यायची होती.

नवऱ्याशी माझं कडाक्याचं भांडण झालं. तो सिरुसेरीत संगणकापुढे बसतो, त्याला लोखंडाचं काय! मी साताऱ्याची, वडिलांच्या गॅरेजात वाढलेली, आणि पोटापाण्यालाही इकडच्या गाड्यांच्या एका कारखान्यात इंजिनांच्या चाचण्याच करते. शेवटी तह झाला. रविवारी मी इंजिन खोलणार. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा मूळ सांगाडा, धड निघाला तर लॉरी तंजावरजवळ चुलत सासऱ्यांच्या आवारात जाणार आणि तिथे आम्ही ती पुन्हा उभी करणार. ब्लॉक गेलेला असेल तर संध्याकाळी भंगारवाला ती कापून नेणार. बाकी सगळं नवीन मिळतं. त्या जातीचा ब्लॉक आता कुठे मिळत नाही.

आणि ज्यांची लॉरी ते काय करत होते? तर "उघडूं नको." सासऱ्यांचं मराठी तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं, शब्द जुने आणि हेल तमिळ, सुनेला हाकही तमिळ, 'मा'. ऐकायला फार गोड. पण त्या दिवशी मला त्या गोडव्याचा राग आला. रोज बसने येऊन लॉरी पुसून जाणारा माणूस, आणि ती कापायला निघालेत तरी मुलाला एका शब्दाने अडवत नाही! झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच चाललं होतं त्यांचं.

"अप्पा, तुम्ही बसा तिकडे सावलीत," मी म्हटलं, "मी उघडणारच आहे."

ते स्टुलावर बसले. माझ्याकडे पाठ करून.

इंजिन मी आधीच्याच रविवारी माणसं लावून चेन-पुलीने उतरवून लाकडी ओंडक्यांवर ठेवलं होतं, आणि गंजलेल्या बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं होतं. आता एकेक बोल्ट. घाई केली की बोल्ट तुटतो, आणि तुटला की दिवस गेला. पाना लावायचा, जोर टाकायचा, नाहीच हलला तर पुन्हा डिझेल, पुन्हा हातोडीची टिचकी. दोन बोल्टांनी माझ्या हाताची सालपटं काढली. मी त्यांना साताऱ्याच्या भाषेत जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. सासऱ्यांची पाठ तेवढी जरा हलली, बहुतेक हसले असावेत.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, निघालं. पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारे लांब दांडे, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पुठ्ठ्याला भोकं पाडून उभे केले, कारण कुठला कुठे गेला की पुढे सगळाच गोंधळ. सिलिंडरांत टॉर्च मारला. पहिले तीन तेलकट, काळे, पण ठीक. चौथ्यात गंज. पिस्टन जागच्या जागी घट्ट बसलेला.

मग खाली तेलाच्या टाकीचा ड्रेन प्लग सैल केला. तेल यायला हवं होतं. आधी पाणी आलं.

पत्र्याच्या घमेल्यात पाणी पडल्याचा आवाज काय वेगळा असतो! पाणी बराच वेळ येत राहिलं आणि मग त्यामागून दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा चिखल आला. सासऱ्यांनी वळून पाहिलं नाही. पण त्यांनी मान खाली घातली ती मला दिसली.

तेलाची टाकी उतरवून खालून पिस्टनच्या दांड्यांच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या, टोप्या सोडवल्या, लाकडाचा ठोकळा लावून पिस्टन ठोकून वर काढला, आणि पुलर लावून चौथा लायनर ओढला. लायनर म्हणजे सिलिंडरातली नळी. आतून पिस्टन वरखाली होतो आणि बाहेरून पाणी खेळतं. ती बाहेरच्या बाजूने किडलेल्या दातासारखी पोखरली होती, आणि एके ठिकाणी आरपार भोक होतं. पाणी तिथूनच आत शिरलेलं.

"अप्पा, गाडी उभी करून ठेवताना रेडिएटर रिकामा केला नव्हता का?"

ते पायाशी पडलेला एक बोल्ट उचलून पुसू लागले.

"तुम्ही? तुम्ही तर दुसऱ्या ड्रायव्हरांना यावरून शिव्या द्यायचात म्हणे!"

ते उठले, जवळ आले आणि त्या भोकात करंगळी घालून उभे राहिले. मग बोलले. दर वर्षी आयुधपूजेला, आमच्याकडच्या खंडेनवमीला, ते तंजावरहून कॅन भरून कावेरीचं पाणी आणत. लॉरीला हार, चाकांखाली लिंबं, आणि रेडिएटरमध्ये ते पाणी. शेवटच्या वर्षीही घातलं. त्यानंतर डोळ्यांमुळे डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. पाणी काढायचं होतं, ठाऊक होतं. रेडिएटरच्या प्लगला हातही लावला होता.

"खालीं गटार होतं," ते म्हणाले. "कावेरी गटारांत कशी सोडूं? तशीच ठेवलों. उद्यां बादली आणीन म्हणालों, मग परवां." त्यांनी करंगळी भोकातून बाहेर काढली. "मीच मारलों तिला. म्हणून तर म्हणत होतों, उघडूं नको. कापून नेऊं दे, पण कुणाला कळूं नको दे."

मला खोटं बोलता आलं असतं. 'अप्पा, जुनं झालं होतं, पाण्याने काही झालं नाही,' असं म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण या माणसाने आयुष्यभर टायरचा आवाज ऐकून हवा ओळखलेली. त्याला कुठे फसवू?

"पाण्यानेच खाल्लंय," मी म्हटलं. "पण लायनर खाल्लाय. लायनर नवा मिळतो. ब्लॉक खाल्लाय का ते अजून कुणाला माहीत नाही, तुम्हालाही नाही. रॉकेल द्या इकडे."

लायनर बसतो ती खोबणी मी खरवडून घासून लख्ख केली. तिच्यावर आणि आजूबाजूला रॉकेल चोपडलं, थोड्या वेळाने कोरडं पुसलं आणि खडूची पूड फासली. लोखंडाला चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. पाणी साचलं होतं ते इथे. ब्लॉक फुटला असेल तर इथेच.

तेवढ्यात भंगारवाला आला! वेळेआधी. पसरलेले सुटे भाग बघून खूश झाला. "मॅडम, माझं अर्धं काम तुम्हीच केलंत," तमिळमध्ये म्हणाला आणि माणसांना गॅस कटर उतरवायला सांगू लागला. मी त्याला म्हटलं, "थांब जरा, हात लावशील तर बघ."

सासरे आणि मी खडूकडे बघत उभे. एका जागी काळपट दिसलं. बोटाने पुसलं, तो माझ्याच हाताचा डाग होता. पुन्हा खडू लावला. पुन्हा बघत राहिलो. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"अप्पा, ब्लॉक धड आहे."

त्यांचा विश्वास बसेना. टॉर्च घेऊन स्वतः खोबणीत वाकले, खालून बघितलं, वरून बघितलं, पूर्ण तळहात फिरवला. मग तिथेच तेलकट जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. मलाही आवरलं नाही. भंगारवाला बिचारा अवघडून उभा.

डोळे पुसून सासरे उठले, भंगारवाल्याला हात जोडून जायला सांगितलं आणि खिशातून फोन काढून मुलाला लावला. पलीकडून नवरा काही विचारत होता, त्याला त्यांनी बोलूच दिलं नाही.

"लॉरी माझी आहे," ते म्हणाले. "मेली नाही ती. अजून लायनर ओढायचे आहेत, आणि तुझी बायको एकटी ओढते आहे. जुने कपडे घाल आणि ये."