नंदूच्या ट्रकची उंची

नंदू घाडीगावकरच्या गाडीला चेंबूरचं अख्खं घाटला गाव टेम्पो म्हणतं. ट्रक म्हणणारा नंदू एकटाच. कुणाचा फोन आला, "काका, सकाळी टेम्पो पाठवा", की हा आधी "ट्रक येईल" असं सुधारून घेणार आणि मगच पत्ता विचारणार. गाडी आपली छोटी, चार चाकांची, वरून उघडी. पण माणूस ज्यावर बावीस वर्षं पोट भरतो त्याला कमी नावाने कशाला हाक मारायची, असं त्याचं म्हणणं. ते मला तरी पटतं.

धंदा भांडी भाड्याने देण्याचा. लग्न, बारसं, सत्यनारायण, भंडारा. चेंबूरपासून माहुलपर्यंत कुठेही पन्नासच्या वर पानं उठायची असली की पातेली, पराती, झारे आणि शेगड्या नंदूच्या ट्रकमधून जायच्या. ट्रक चालवायचा नंदूने, भांडी मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची शेवंतीने. शेवंती म्हणजे त्याची बायको. एक झारा कमी भरला तर ती यजमानांच्या स्वयंपाकघरात शिरून, ओट्याखाली हात घालून तो काढायची. लोक तिला वचकून असत आणि पुढच्या कार्याला तिलाच बोलवत.

जाता-येता ती नंदूच्या डाव्या हाताला बसायची. आठ वर्षांपूर्वी माहुलच्या एका अरुंद गल्लीत विजेच्या खांबाला लागून गाडीचा डावा आरसा फुटला. उद्या बसवू, परवा बसवू करता करता तो बसलाच नाही, कारण गरजच पडली नाही. गाडी मागे घेताना नंदू विचारायचा, "येऊ का?" शेवंती खिडकीबाहेर डोकं काढून सांगायची, "या." नाहीतर, "थांबा, रिक्षा आहे." बघणाऱ्यांना वाटे, बुवा बायकोची परवानगी घेतल्याशिवाय गाडीसुद्धा हलवत नाही. नंदूला त्या चेष्टेचा राग कधी आला नाही. उलट मनातून बरंच वाटायचं.

गेल्या दिवाळीनंतर मात्र शेवंतीने गाडीत बसणं सोडलं. आधी म्हणाली, पाणी त्याच वेळेला येतं. मग सर्वेशचा डबा निघाला. सर्वेश त्यांचा मुलगा, अंधेरीला एका कंपनीत नोकरीला. सव्वीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या डब्याने कधी कुणाचं अडवलं नव्हतं. शेवटी नंदूने फारच लावून धरलं तेव्हा ती फटकन म्हणाली, "हाडं खिळखिळी होतात हो तुमच्या गाडीत. मी नाही येत आता."

नंदूने नवा आरसा आणून बसवला. भांडी हमालांकडून मोजून घेतली आणि महिन्याभरात दोन झारे आणि एक परात गमावली. त्याचंही त्याला एवढं काही वाटलं नाही. पण डावी सीट रिकामी बघवेना. हमाल तिथे बसायला लागला तर हा म्हणायचा, "मागे बस रे, हवेशीर आहे." हमाल पातेल्यांत बसून शिव्या घालायचा. सिग्नलला थांबलं की नंदू डावीकडे वळून काहीतरी बोलायला जायचा आणि मग उगाच खोकायचा.

आता जवळ येत होता माघी गणपतीचा भंडारा. माहुल गावातलं हे काम त्यांच्याकडे पंधरा वर्षं होतं आणि तिथल्या कोळणी भांड्यांच्या आधी शेवंतीची चौकशी करत. त्या दिवशी तरी ती शेजारी बसलेली हवी, एवढंच नंदूच्या डोक्यात होतं. दिवस उरले होते अठरा.

उपाय सर्वेशने काढला. त्याने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. दगडधोंड्यांतून एक उंच जीप डुलत डुलत चालली होती. "बाबा, सस्पेन्शन लिफ्ट करतात. किट मिळतं. गाडी तीन इंच वर उचलतात, खड्डे कळतच नाहीत बघा."

नंदूला एकदम पटलं. गाडी वर गेली की धक्के खाली राहणार, असा साधा हिशोब. शिवाय माहुलच्या रस्त्यावर एक दांडगा गतिरोधक होता, त्याला गाडीचं पोट दर खेपेला घासायचं आणि शेवंती दर खेपेला "आई गं" म्हणायची. तोही प्रश्न मिटणार होता. त्याने जुन्या कॅलेंडरचं एक पान फाडलं, कोऱ्या बाजूला वर "उंची" असं लिहिलं आणि तो चौकशीला निघाला.

पहिलं दुकान अंधेरीतलं. काचेचा दरवाजा, आत एसी. धवल नावाच्या तरुण मालकाने खुर्ची दिली, चहा दिला आणि किट उलगडून दाखवलं. लांब शॉकअब्सॉर्बर, नवे ब्रॅकेट, नट-बोल्ट, सगळं लालभडक. किट बहात्तर हजार, बसवायचे नऊ हजार वेगळे, गाडी दोन दिवस ठेवायची.

"धक्के कमी होतील ना?" नंदूने विचारलं.

"काका, लूक एकदम झकास येणार."

नंदूने तेच आणखी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याला लूकबद्दलच कळलं. तरी त्याने आकडा लिहून घेतला.

घाटकोपरच्या गॅरेजवाल्याकडे किटबिट नव्हतं. तो म्हणाला, पाट्यांखाली लोखंडी ठोकळे ठेवतो, लांब यू-बोल्टने आवळतो, मजुरीसकट चौदा हजार, अर्ध्या दिवसाचं काम. पाटे म्हणजे चाकांच्या दांड्यावर कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जी थप्पी असते ती. अशा गाडीचा सगळा भार तिच्यावर. माणूस सरळ होता. "उंची देईन," तो म्हणाला, "पण धक्का आहे तसाच राहील. शिवाय वळणावर जरा डोलेल. आणि आधी आरटीओत विचारून घ्या, नाहीतर पासिंगला वाट लागेल." नंदूने हेही लिहिलं. मोठे टायर घालायचे तर चाळीस हजारांच्या घरात, आणि ते मडगार्डला घासणार. ऑनलाइन किट निम्म्या दरात होतं, पण या गाडीला बसेल असं छातीठोकपणे कुणी सांगेना.

पान भरलं. नंदू रोज संध्याकाळी ते उघडून बसायचा. बहात्तर अधिक नऊ या आकड्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. शेवंतीला एकदा दिसलं, तिने विचारलं, "कसली उंची?" तो म्हणाला, "गंमत आहे." ती कोथिंबीर निवडत बसली, आणि उठताना ओट्याला धरून उठली. ते नंदूने पाहिलं नाही, कारण तो मजुरीची बेरीज करत होता.

एक्याऐंशी हजारांची ठेव मोडण्याआधी एका माणसाचं मत घ्यायचं होतं. बाळ मेस्त्री. नंदूच्याच गावचा, त्याच्याहून दहा वर्षांनी मोठा, आयुष्यभर पाटे बांधलेला माणूस. आधी चेंबूर नाक्याजवळ होता, आता चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचा गाळा होता. नंदू एका सकाळी मुद्दाम तिथपर्यंत गेला.

बाळदादा स्टुलावर बसून पाव-चहा खात होता. त्याने गाडीकडे नुसतं बघितलं. "गाडी रिकामीच घेवन इलंस?"

"भाव तर सांग, बाळदादा."

"रिकामी गाडी मी मोजणंय नाय." ही त्याची जुनी खोड. माल भरून, रोज बसणारी माणसं बसवून मगच तो फूटपट्टी काढायचा. गाडी रिकामी धावत नाही, मग रिकामी मोजायची कशाला, असं म्हणायचा. त्यापायी त्याने निम्मी गिऱ्हाइकं घालवली होती. "बाजूक कोण बसता?"

"शेवंती."

"मग तिका घेवन ये. रविवारी." आणि त्याने पाव चहात बुडवला.

शेवंती आधी नाहीच म्हणाली. मग नंदूचं तोंड बघून तयार झाली, पण नवीनच टूम काढली. "तुम्ही भांडी घेऊन व्हा पुढे. मी सर्वेशबरोबर मेट्रोने येते. मला मेट्रो बघायचीय." नंदूला वाईट वाटलं. ज्या गाडीने संसार चालवला तिच्यापेक्षा हिला मेट्रो गोड. चेंबूर ते चारकोप तो एकटाच भांडी खडखडवत गेला.

ती आली तेव्हा बाळदादाने चालू काम बाजूला सारलं आणि फूटपट्टी हातात घेतली. "वैनी, बसा गाडीत."

"मी इथेच बरी," शेवंती हसून म्हणाली. "माझ्या वजनाचं एखादं पोतं ठेवा की."

सर्वेश हसला, नंदू हसला. बाळदादा हसला नाही. तो तिच्या पायांकडे बघत होता. "बसा, वैनी," तो पुन्हा म्हणाला, अगदी हळू.

शेवंतीने दरवाजा उघडला. चौकटीला धरलं आणि डावा पाय उचलला. पाय पायरीच्या खूप खालीच थांबला. तिने तो टेकवला, उजवा उचलून पाहिला. तो आणखी खाली थांबला. कपाळावर घाम आला होता. तिने तिसऱ्यांदा प्रयत्न केला, मग चौकट सोडली आणि नंदूकडे वळून म्हणाली, "नाही जमत हो."

बावीस वर्षांत नंदूने शेवंतीला गाडीत चढताना एकदाही पाहिलं नव्हतं. तो आपला उजवीकडून चढून, चावी फिरवून, समोर बघत बसायचा. तोवर ती येऊन बसलेली असायची. ती कशी चढते, कशाला धरते, हे त्याला ठाऊकच नव्हतं. गाडीच्या प्रत्येक नटाचा आवाज ओळखणारा माणूस, आणि त्याला हे माहीत नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पावसाळ्यापासून. डॉक्टर म्हणाल्या, व्यायाम करा, मग बघू."

"मग हाडं खिळखिळी कशाला सांगितलंस?"

"गुडघा म्हटलं असतं तर तुम्ही धंदा गुंडाळला असता. मला माहीत नाही तुम्ही?" शेवंती पदराने कपाळ पुसत म्हणाली. "गाडीवर ढकललं की तेवढ्यापुरतं निभतं."

नंदूने खिशातून कॅलेंडरचं पान काढलं. ते बाळदादापुढे धरलं. बाळदादाने बहात्तर हजार वाचले, चौदा हजार वाचले, दोन रेघा पाहिल्या.

"तीन इंच वर?" तो म्हणाला. "मग वैनीक शिडी घेवन देतलंस?"

त्याने खडू घेतला. शेवंतीला दरवाजाशी उभं केलं. "दुखाच्या आधी पाय जितको वर येता, तितकोच उचला. जोर करू नका." तिने उचलला. बाळदादाने खाली बसून तिच्या टाचेच्या रेषेत गाडीच्या पत्र्यावर पांढरी रेघ ओढली. पायरी त्या रेघेच्या चांगली सहा बोटं वर होती. मग तो आडवा होऊन गाडीखाली सरकला आणि आतूनच ओरडला, "हे जादा पाटे कोणी घातले रे?"

"मीच," नंदू म्हणाला. दोन वर्षांपूर्वी त्याने चार महिने लाद्या वाहायचं काम घेतलं होतं. तेव्हा पुढे एकेक आणि मागे दोन-दोन पाटे जास्तीचे बांधून घेतले. काम संपलं, पाटे राहिले. गाडी मजबूत झाली म्हणून तो चार लोकांना सांगतही असे.

"भांड्यांका येवढे पाटे कित्याक?" बाळदादा ग्रीस पुसत बाहेर आला. "गाडी दीड इंच वर गेली हा आणि दगडासारखी झाली हा. धक्को बसतलो नाय तर काय!"

म्हणजे शेवंतीने गाडीवर ढकललेलं निमित्तही अगदीच खोटं नव्हतं.

दुपारी तीनपर्यंत काम चाललं. जास्तीचे पाटे निघाले. दरवाजाखाली खडूच्या रेघेच्या बरोबरीने एक रुंद, खरखरीत पायरी बसली आणि आत, शेवंतीचा हात जिथे सहज पोचतो तिथे एक जाड हँडल. सगळं मिळून साडेतीन हजार. कॅलेंडरच्या पानावर ते लिहायला जागाच नव्हती.

"आणि माहुलचा ब्रेकर?" नंदूने विचारलं. "तो घासणार आता."

"घासतलो. मागल्या रस्त्यान जा."

"पंधरा मिनिटं जास्त लागतात त्या रस्त्याने."

"मग?" बाळदादा म्हणाला. "बाजूक बायको आसा ना? गजाली करा."

या वेळी नंदू उजवीकडून चढला नाही. तो डाव्या दरवाजाशी उभा राहिला. शेवंतीने हँडल धरलं, पाय रेघेवर ठेवला, दुसरा पाय आत घेतला आणि बसली. पदर सारखा केला. मग खाली त्याच्याकडे बघून म्हणाली, "असे काय उभे राहिलात? माणसं बघतायत."

सर्वेशही मधे कोंबून बसायला निघाला होता, पण बापाचा चेहरा बघून म्हणाला, "मी मेट्रोने जातो."

नंदूने गाडी चालू केली. गाळ्यांच्या मधली गल्ली चिंचोळी होती आणि गाडी मागे काढायची होती. नव्या आरशात डावी बाजू लख्ख दिसत होती, मोकळी. नंदूने आरशावरून नजर काढली.

"येऊ का?" त्याने विचारलं.

शेवंतीने आरशाकडे पाहिलं. "नवा घेतलात की. दिसत नाही का त्यात?"

"दिसतं," नंदू म्हणाला. "पण तो बोलत नाही गं."

शेवंतीने काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि मागे नीट, शेवटपर्यंत बघितलं.

"या," ती म्हणाली. "सावकाश या."