सावलीवरून नदीपार

आज चिंच फोडताना चिंचोका हातात आला आणि अहेरीकडच्या आमच्या गावातली उन्हाळ्याची एक दुपार आठवली. नागपूरच्या मामेभावाने नवा खेळ आणला होता. तो गोष्ट सांगायचा, आम्ही त्यातली पात्रं व्हायचो आणि फाशांऐवजी चिंचोके टाकायचो. माझ्या पात्राला क्षणात झाड उगववता येई, धाकट्या बहिणीच्या पात्राला सावलीवर पाय ठेवून चालता येई. मागे राक्षस, पुढे नदी. आम्ही संपलोच होतो. तेवढ्यात बहीण म्हणाली, "दादा, तू काठावर झाड उगवव. सांजले सावली लंबी होते नं? मी तुले पाठीवर घेऊन पार नेतो." मामेभावाने नियमांचं पुस्तक चाळलं आणि हळूच म्हणाला, "नाई म्हणून कुठीच लिहिलं नाई." बाहेर ऊन कललं होतं, अंगणातल्या मोहाच्या झाडाची सावली खरोखरच अंगणालगतच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाण्यावरून पलीकडच्या काठाला टेकली होती. अजूनही पाण्यावर झाडाची लांब सावली दिसली, की मी नकळत चपला काढतो.