मौलाच्या भोरडीचा नाच

म्हसवडला माझ्या गिरणीला लागून मौलाचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो. माणूस हळवा, आणि त्या हळवेपणाचा त्याला भारी अभिमान. सहा वर्षांपूर्वी ज्वारीच्या रानात त्याला पंख मोडलेली भोरडी सापडली. हळद लावून, चिंधी बांधून त्यानं ती जगवली. पंख जुळला, पिंजरा मात्र सुटला नाही. "बाहेर मांजरं लय हायती," म्हणायचा.

दर चैत्रात ती भोरडी नाचायची. दिवसभर उड्या, फडफड, तोंड कायम वायव्येला. नाच वाजावा म्हणून मौलानं पिंजऱ्याला घुंगरू बांधलं. दळणाला आलेल्या बाया थांबून बघायच्या, टाळ्या वाजवायच्या. मीही वाजवल्यात, उगाच साळसूदपणा कशाला करू?

यंदा त्याची लेक सुमैरा साताऱ्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली. प्राणिशास्त्र शिकते. घुंगरू ऐकून पिंजऱ्यापाशी गेली आणि भोरडीचं तोंड कुठं वळतंय ते बघत बसली.

"अब्बा, ही नाचत न्हाई," ती म्हणाली. "भोरड्या हिवाळ्याच्या पाहुण्या, चैत्रात वायव्येला आपल्या देशी परत जात्यात, तिला तिकडं जायचंय. याला जर्मन भाषेत शब्द हाय, त्सुगउनरुए. त्सुग म्हंजे दूरदेशी निघणं, उनरुए म्हंजे बेचैनी. तिकडं लोक पिंजऱ्यात पाखरं पाळायचे. बाहेरचे थवे निघायच्या दिवसांत आतली पाखरं अशीच तडफडायची. ते बघून दोन शब्द जोडले."

मौलाच्या हातातला दाभण तसाच राहिला. "म्हंजे सहा वर्षं..." एवढंच बोलला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. मला त्या जर्मनांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. शब्द जोडणाऱ्यांनी पुढं दार उघडलं का, ते सुमैरालाही ठाऊक नव्हतं.

"ओढ्याच्या पांगाऱ्यावर थवा अजून हाय," ती म्हणाली. "आज-उद्यात जाईल."

पिंजरा उचलून तिघंही तसेच निघालो. पण सहा वर्षांत भोरडी हातभरसुद्धा उडाली नव्हती. ओढ्यावर मौलानं आधी घुंगरू तोडलं, मग दार उघडलं. ती बाहेर पडली आणि धपकन झुडपात कोसळली. मौला झुडपाकडं धावला. मग झुडूप हललं, आणि ती वेडीवाकडी उडत पांगाऱ्यावर पोचली.

घटकाभरानं सगळा थवा उठला. आपली कुठली, ते मौलाला ओळखता येईना. घुंगरू मुठीत घट्ट दाबून, वाजू न देता, तो वायव्येकडं बघत राहिला.