पत्र्यावरची बोट

सरकारी नोंदीप्रमाणे माझे बाबा गेल्या मोसमात एकदाही समुद्रात गेले नाहीत. त्यांची बोट सगळा वेळ वेसाव्याच्या गल्लीत, आमच्या घराच्या पत्र्यावर होती. भरपाईच्या साहेबांनी लॅपटॉप फिरवून तो ठिपका दाखवला, तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये खिडकीत उभे राहिलेलेसुद्धा हसले. मी हसले नाही. बाबांना तिथेच धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला.

झालं होतं असं. समुद्राच्या तळाखाली तेल आहे का ते बघायला एक जहाज आलं होतं. मागे लांबच लांब वायरी ओढत ते फिरायचं आणि पाण्यात हवेचे धमाके करायचं. ते असेपर्यंत त्या पट्ट्यात कोणी जाळी टाकायची नाही, असा हुकूम. ज्यांची मासे धरायची जागा पट्ट्यात येते, त्यांना भरपाई. बाबांची जागा पट्ट्याच्या बरोबर मधोमध येत होती, असं ते स्वतःच म्हणत होते. जागा कुठे, ते मात्र सांगत नव्हते.

हा आजार जुना. सगळ्यांच्या बोटी रिकाम्या आल्या तरी बाबांच्या टोपलीत चार पापलेटं असायची, आणि ती कुठली हे त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, मला नाही, बोटीवरच्या खलाशांना तर देवळात नेऊन शपथ घालायचे. निघताना मढकडे तोंड करून निघायचे, वळायचे कुठे ते देव जाणे. माझ्या सख्ख्या मामाशी त्यांनी बोलणं टाकलं ते यावरूनच. हा माझ्या मागे मागे येतो, जागा चोरायला बघतो, असं एका हळदीत भर मांडवात ऐकवलं होतं. मामा ताट बाजूला ठेवून उठून गेला. त्यानंतर आमच्याकडच्या गणपतीलाही तो येत नाही.

आता तो ठिपका. बोट कुठे आहे ते कळवणारा एक डबा सरकारने प्रत्येक बोटीला दिला होता, वादळात माणसं सापडावीत म्हणून. बाबांनी विचार केला, जे आज सरकारला कळतंय ते उद्या अख्ख्या कोळीवाड्याला कळणार. त्यांनी डबा घरी आणला आणि पत्र्यावर केबलच्या छत्रीला बांधून टाकला. तो बिचारा इमानदारीत रोज आमच्या घराचा पत्ता कळवत राहिला.

एरवी मीही हसले असते. पण बोटीचं इंजिन गेलं होतं. मेकॅनिकने हात टेकले होते, नवीन घ्या नाहीतर बोट विका. गिऱ्हाईक येऊन लाकूड ठोकून बघून गेलं होतं. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत, पोट बरं नाही म्हणाले. माझ्या पगारात अंधेरीच्या ऑफिसला जाणं-येणं आणि घरचं रेशन भागतं, इंजिन नाही. भरपाई मिळाली तर बोट राहणार होती, नाहीतर विषय संपला.

साहेब तसे बरे होते. अजून दाढीही नीट न आलेले, सारखे ‘काका, काका’ म्हणत. म्हणाले, डब्याचं राहू दे, तुम्ही नकाशावर बोट ठेवून जागा दाखवा. बाबांचं बोट अरबी समुद्रावरून गरगर फिरलं आणि मढच्या पुढे जिथे आजवर कोणाला कोलंबीचं शेपूटही मिळालं नाही, तिथे जाऊन टेकलं. सवय, दुसरं काय! ती जागा पट्ट्याच्या बाहेर होती. मी कपाळावर हात मारला.

मग मी त्यांच्या कानात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी एकदा हॉलकडे बघितलं. सगळा कोळीवाडा माना लांब करून उभा. साहेबांनी लोकांना बाहेर जायला सांगितलं. लोक दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. बाबांनी डाव्या हाताचा आडोसा केला, लहान मुलं पाटी झाकतात तसा, आणि उजव्या हाताचं बोट सरकवलं. पट्ट्याच्या मधोमध. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

साहेब म्हणाले, ठीक आहे, पण डबा तर काही वेगळंच सांगतोय. तुम्हाला तिथे जाळी टाकताना बघितलंय असा कोणी साक्षीदार आहे का? तुमच्या बोटीवरचा चालणार नाही, दुसऱ्या बोटीचा हवा.

आता घ्या. ज्या माणसाने आयुष्यभर एवढंच बघितलं की आपल्याला तिथे कोणी बघू नये, त्याने साक्षीदार आणायचा कुठून? साहेबांनी पुढच्या बोटीचा कागद वर घेतला.

तेवढ्यात दारातून मामा आत आला. बाबांकडे न बघता सरळ टेबलापाशी गेला.

“मी बघितलंय, साहेब. रोज बघतो.”

बाबा खुर्चीतून ताडकन उठले. इतके खूश मी त्यांना त्या अख्ख्या महिन्यात बघितलं नव्हतं. “बघा! मी म्हणत नव्हतो? चोर आहे हा!”

साहेबांनी मामाला विचारलं, तुमचीही जाळी तिथेच असतात का? मामा म्हणाला, नाही, माझी जागा खाली, पट्ट्यात येतच नाही, मला एक पैसा मिळायचा नाही. मी फक्त याच्या बोटीचा दिवा दिसेपर्यंत जातो. दिसला की मागे फिरतो आणि माझ्या कामाला लागतो.

“मग जाता कशाला?”

“बहिणीने सांगितलंय.”

दारातून कोणीतरी विचारलं, डिझेल कोणाचं? साहेबांनी साक्ष लिहून घेतली, एवढं पुरे म्हणाले, मामाने सही केली आणि आला तसा निघून गेला. बाबा उभेच होते. बसा म्हणून मला त्यांचा सदरा ओढावा लागला.

आम्ही घरी आलो. आई मोरीत बोंबील साफ करत बसली होती. बाबा दारात उभे राहून म्हणाले, तू त्याला माझ्या मागावर घातलंस? आणि मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं, तेव्हाही तू गप्प?

आईचा हात थांबला नाही. “बोलले असते तर तुम्ही त्याला वाटेतून परत पाठवला असता. तोच म्हणाला, बोलू नको. मागे त्या वादळात तुम्ही रात्रभर आला नाहीत, तेव्हा सगळे बोटी काढून तयार होते. मला विचारत होते, कुठल्या बाजूला शोधू? बायको असून मला सांगता आलं नाही. कुठे शोधायचं होतं तुम्हाला, पत्र्यावर?”

मी तिथून निघून जायला हवं होतं, पण मी उभीच राहिले. बाबा हळूच खाली बसले, गुडघे कुरकुरले त्यांचे. मोरीजवळच्या ओल्या लादीवर त्यांनी बोटाने किनारा काढला. इथे मढ, इथे जुहू, म्हणाले. इथून सरळ जायचं, जुहूची हॉटेलं दिसेनाशी झाली की डावीकडे वळायचं. आईच्या थाळीतला एक बोंबील उचलून त्यांनी लादीवर ठेवला. “इथे,” म्हणाले.

मामाने ती जागा आईला कधीचीच सांगितली होती. मला तिच्या तोंडावरून कळलं. तरी तिने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा डावीकडे म्हणजे नक्की कुठे असंही विचारलं.

मग बोंबील उचलून परत थाळीत टाकला आणि म्हणाली, “नारळी पुनवेनंतर मोसम सुरू झाला की तिथेच ना?”

“तिथेच,” बाबा म्हणाले.

“मग जा, त्याला जेवायला घेऊन या.”