पौर्णिमेची काच

ऑर्फा पिंकमइतकी हट्टी बाई आमच्या बोस्टनजवळच्या वेधशाळेत दुसरी नव्हती. सव्वीस वर्षं ती काचा वाचत होती. काचेवर आकाशाचा फोटो, तारे म्हणजे काळे ठिपके; तारा जितका तेजस्वी, तितका ठिपका मोठा. ती भिंगातून ठिपका मापून आकडा सांगायची, मी वहीत लिहायची. नाव मात्र छापून यायचं प्रोफेसरांचं.

त्या वर्षी तिनं एका तेजोमेघातला लुकलुकता तारा पकडला. दर महिन्याच्या काचांवर तो आधी मोठा दिसे, दहा दिवसांत बारीक होई. म्हणजे मोठा-बारीक होण्याचा फेरा तीस दिवसांचा. असा तारा जितका सावकाश लुकलुकतो तितका मुळात तेजस्वी. आणि तेजस्वी असून एवढा अंधुक दिसतो, म्हणजे फारच लांब. तेजोमेघ चक्क आपल्या आकाशगंगेबाहेर! शुक्रवारी प्रोफेसर निबंध वाचणार होते, आणि त्याच्या नवव्या पानावर, या ताऱ्याच्या हिशोबाशेजारी, पहिल्यांदाच ऑर्फाचं नाव छापलं होतं.

बुधवारी जेवताना तिचा घास हातातच राहिला. "आपल्या सगळ्या काचा अमावास्येच्या आसपासच्या आहेत गं."

"मग? चांदण्यात काच धुरकटते. दुर्बीणवाले तेव्हा काच लावतील कशाला?"

"मधल्या पंधरवड्यात तो पुन्हा मोठा होत असला तर?"

मी बोटांवर हिशोब केला. तसं असेल तर फेरा पंधराच दिवसांचा, तारा मुळातच मंद, अंतर एक तृतीयांशानं कमी. मग तेजोमेघ आत की बाहेर, कुणी छातीठोक सांगू शकणार नव्हतं.

गुरुवारी दुपारी तळघरातल्या टाकाऊ काचांत एक सापडली, पौर्णिमेला चुकून घेतलेली. ऑर्फानं ती तीनदा पाहिली. मी पेन धरून ताटकळले.

"मोठा आहे," ती म्हणाली.

"अगं, रद्दीतली काच. कुणाला ठाऊक आहे?"

"मला."

"काचच ती. हातातून निसटते कधीकधी."

"तुझ्या निसटत असेल."

काच घेऊन ती प्रोफेसरांच्या खोलीकडे जिना चढू लागली. खरं सांगते, तिनं अडखळावं म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. ती अडखळली नाही.

प्रोफेसर लालबुंद झाले. "मिस पिंकम, प्रती छापून तयार आहेत! लोकांना काय सांगू?"

"आकडा माझा होता, सर. तसंच सांगा."

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी दीडशे प्रतींतलं नववं पान कापून काढलं. त्या जागी छापखान्यातून आलेली चिठ्ठी चिकटवली: "पान नऊ रद्द. चूक मिस ओ. पिंकम यांची."

सव्वीस वर्षांत तिचं नाव छापून लोकांसमोर आलं, ते एवढंच.