नसलेल्या हाताची हळद
गोल बाजारात दळलेल्या हळदीचा वास आला की काकाच्या लग्नाची सकाळ आठवते. भनपुरीच्या कारखान्यात त्याचा डावा हात मनगटापासून तुटला होता आणि त्या अपघातामुळे एकदा ठरलेलं लग्न मोडलंही होतं. हे दुसरं स्थळ होतं, आणि हळदीला आलेला नवरीचा भाऊ पुढच्याच खुर्चीवर बसला होता. आत्याने हळद मनगटापर्यंत लावली आणि हात मागे घेतला. "बोटं राहिली," काका म्हणाला. "काहून मजाक करून राहिला रे?" आत्या हसली. "मजाक नाही, ताई. बोटांची आग होऊन राहिली. लाव." नवरीचा भाऊ उठला. "दिमाग तो ठीक है ना इनका?" आत्याने वाटीत हात बुडवला आणि मनगटापुढच्या मोकळ्या जागेत, एकेक बोट चोळावं तशी हळद लावली. पिवळे थेंब पाटावर पडत होते. "अंगठा?" तिने विचारलं. "हव, अंगठापण." काकाने डोळे मिटले, आवळलेला जबडा सैल झाला. नवरीचा भाऊ बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "आराम मिला, जीजाजी?" लग्न झालं. पुढे मी अपघातांच्या पुष्कळ बातम्या लिहिल्या आणि जखम नेमकी कुठे, हे दरवेळी विचारलं. त्या सकाळी आग कुठे होती आणि ती कुठे विझली, हे मला अजूनही लिहिता येत नाही.